पेरभर मलमाची परवानगी

आई,

१. दादा-वहिनींना मुलगी झाली. नाव जुई. आता नऊ महिन्यांची आहे. तू गेलीस तेव्हा वहिनींना दिवस गेलेत हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनाही नाही.

२. चौथ्या महिन्यात जुईचे गाल लाल झाले. मग कपाळ, मान, कोपरं, गुडघे. खाज इतकी, की कडेवर घेतलं की ती आपल्या खांद्यावर गाल घासत राहते.

३. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. त्या म्हणाल्या, अटोपिक डर्मटायटिस. म्हणजे इसब. माझा होता तोच. त्यांनी अंग मऊ ठेवायची एक क्रीम आणि चट्ट्यांवर लावायचं एक मलम लिहून दिलं. दादानं क्रीम आणली. मलम आणलं नाही.

४. बारा दिवसांपूर्वी डाव्या गालावरचा चट्टा चिघळला. पिवळी खपली धरली, ताप आला. दोन दिवस ॲडमिट करावं लागलं.

५. सुटताना मिळालेल्या कागदावर तेच मलम पुन्हा लिहिलेलं होतं. ह्या वेळी ते मीच आणलं. दादानं ट्यूब न उघडता फ्रीजवर ठेवली. म्हणाला, "आईनं सांगितलंय. दाबायचं नाही."

६. मी म्हणाले, आई आता नाही. तो म्हणाला, "मग जा, विचार तिला."

७. विचारतेय.

वरच्या सात ओळींत माझं मत कुठंच घातलेलं नाही. कामावर अहवाल असाच लिहावा लागतो: आधी घटना, मग कारण. चिकलठाण्यातलं माझं काम तुला कधी नीट कळलं नाही. तू शेजारच्या काकूंना सांगायचीस, "ती कंपनीत मापं घेती." काकू विचारायच्या, "शिंप्यावानी?" आणि तू म्हणायचीस, "व्हय, पण लोखंडाची." खरं सांगू? ह्याहून बरी व्याख्या मलाही अजून करता आलेली नाही.

तर आता कारण.

'दाबणं' हा आपल्या घरात तुझा शब्द होता. साड्यांच्या घड्या गादीखाली दाबायच्या, लोणच्याच्या फोडी बरणीत दाबायच्या, इसब मात्र दाबायचा नाही. "वरून दाबलं की आत जातं." आत म्हणजे कुठं, असं मी एकदा विचारलं होतं. सातवीत असेन. तू छातीवर हात ठेवलास आणि भाकरी उलटायला वळलीस. मला वाटलं, तू काळजाबद्दल बोलतेयस. इसब काळजाला कसा लागेल, म्हणून मी मनातल्या मनात हसले. तू फुप्फुसांबद्दल बोलत होतीस. हे मला कळायला सतरा वर्षं लागली.

तू माझ्यासाठी काय काय केलंस, ते मी परवा एका कागदावर उतरवून काढलं.

आपल्याकडे नळ चार-पाच दिवसांनी यायचा, मधल्या दिवसांत बोअरचं पाणी. बोअरच्या पाण्यानं अंघोळ केली की माझ्या अंगाची आग व्हायची. म्हणून तू मोरीत एक निळा ड्रम ठेवलास. त्यात फक्त नळाचं पाणी, आणि ओळखू यावा म्हणून झाकणाला लाल चिंधी. पप्पांनी एकदा त्यातल्या पाण्यानं स्कूटर धुतली तर तू दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाहीस. दादा त्या ड्रमला 'राणीसाहेबांचा हौद' म्हणायचा. "चला राणीसाहेब, हौदावर स्वारी कधी निघणार?" मग मी तांब्या फेकून मारायचे आणि तू दोघांनाही फटके द्यायचीस. मला मात्र पाठीवर नाही, पाठीला चट्टे होते म्हणून डोक्यात टपली.

माझे कपडे तू तीन पाण्यांतून काढायचीस. दर रविवारी नखं. झोपताना हातांत दादाचे जुने मोजे. आणि खाज सुटली की, "खाजवू नगं, थापट. थापटलं की खाज फसती."

हे सगळं मी डॉक्टर मॅडमना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुमच्या आईंना हे कुणी शिकवलं?" कुणी नाही, मी म्हणाले. ह्यातलं एकही चुकलं नव्हतं, आई! बोअरचं आणि नळाचं पाणी मी कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासून घेतलं. बोअरचं कितीतरी जड निघालं. आकडा लिहीत नाही, तुला आकड्यांचा कंटाळा.

कागदाची दुसरी बाजू मॅडमना दाखवायला मला जरा वेळ लागला. कडुलिंबाचा पाला उकळून त्याचं कडक पाणी. डाळीच्या पिठाचं उटणं, तेही घासून. वांगं बंद, दही बंद, अंडं बंद, चिंच बंद, शेंगदाणे बंद. मराठवाड्यात राहून मी अठरा वर्षांची होईपर्यंत शेंगदाण्याची चटणी खाल्ली नव्हती, हे डब्याच्या सुट्टीत सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नाही. शेंगदाण्यानं मला काहीही होत नाही. वांग्यानंही नाही. कुणाला एखाद्या पदार्थाची खरोखर बाधा असली तर ती तपासून ठरवता येते, असं मॅडम म्हणाल्या. सरसकट सगळं बंद केलं की इसब तसाच राहतो आणि माणूस वाळतो.

आणि आता तेच पथ्य वहिनी पाळतायत. जुई अंगावर पिते, म्हणून दादानं तुझी यादी आठवून आठवून त्यांना सांगितली. पाच महिन्यांत त्या निम्म्या झाल्यात. परवा माझ्यासमोर मुगाचं वरण ताटात घेत म्हणाल्या, "ताई, आमच्या सिल्लोडला इतकं साधं आजाऱ्यालाबी देत नाहीत. सासूबाई असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं. भिंतीवरच्या फोटोशी कसं भांडू?"

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

तुझा शब्द तू होतीस तेव्हा इतका चालत नव्हता, हे तुलाही माहीत आहे. दादा तर तुझं एक ऐकायचा नाही. आता तू उलट बोलत नाहीस, म्हणून तुझ्या प्रत्येक वाक्याचा कायदा झालाय.

एक गोष्ट इथंच लिहून टाकते, नाहीतर राहून जाईल. तिसरीत बाईंनी मला शेवटच्या बाकावर एकटं बसवलं. कुण्या मुलीच्या आईनं तक्रार केली होती, हिला खरूज आहे. मी घरी काही बोलले नाही. तुला कुठून कळलं, देव जाणे. दुसऱ्या दिवशी तू वर्गाच्या दारात उभी. हाताला कणीक तशीच. बाईंना म्हणालीस, "खरूज नाय ही. इसब हाय. कुणाला लागत नाय. दाखवू?" आणि माझी बाही वर सारून माझा चिघळलेला कोपर सगळ्या वर्गासमोर तू आपल्या गालावर घासलास. मला लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. त्या दिवशी मी तुझ्याशी बोलले नाही. तुला त्याचं वाईट वाटलं होतं का?

लागत नाही, हे तुला माहीत होतं. मग हा आजार असतो तरी काय, हे तुला कुणीच नीट सांगितलं नाही. मी सांगू?

तू उन्हाळ्याच्या तोंडाशी माठ घ्यायला जायचीस तेव्हा पाणी घालून बघायचीस, किती पाझरतो ते. फार पाझरणारा माठ तू परत करायचीस, कारण सकाळी भरलेला संध्याकाळी रिकामा. काही माणसांची कातडी जन्मतः तशी असते. आतला ओलावा धरून ठेवत नाही, आणि धूळ, साबण, घाम, लोकर, सगळ्याला आत वाट देते. मग शरीर चवताळतं, लाल होतं. खाज सुटते. खाजवलं की भेगा पडतात, भेगा पडल्या की आणखी आत शिरतं, आणखी खाज. हे चक्र आहे. ही उष्णता नव्हे, अस्वच्छता नव्हे, रक्तातली घाण तर नव्हेच. घराण्यातून येतं. बऱ्याच मुलांचं वाढत्या वयात कमी होतं, काहींचं माझ्यासारखं रेंगाळतं.

म्हणून उपायही दोन. एक, पाझर थांबवायचा: कोमट पाण्यानं थोडा वेळ अंघोळ, अंग टिपायचं, घासायचं नाही, आणि ओलसर असतानाच क्रीम. सढळ हातानं, रोज, चट्टे नसले तरी. दोन, चवताळलेलं शांत करायचं. त्यासाठी ते मलम. पहिला उपाय तू जन्मभर केलास, खोबरेलानं का होईना. दुसऱ्याला तू हात लावू दिला नाहीस.

का?

मला वाटायचं, तू अडाणी आहेस म्हणून. हे वाक्य मी तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही, पण तसं वागले, आणि तुला ते कळत होतं. मला आणखीही एक वाटायचं. दादाला दम लागला की तू रिक्षा करून दवाखान्यात पळायचीस. त्याला पंप मिळाला, गोळ्या मिळाल्या, वाफ मिळाली. मला कडुलिंबाचा पाला. मुलाला डॉक्टर आणि मुलीला झाडपाला, असा मी सरळ हिशेब मांडला होता, आणि तो बरोबर आहे याची मला खात्री होती.

गेल्या आठवड्यात दवाखान्याच्या बाकावर पप्पांनी तो मोडला.

जुईला आत सलाईन लावत होते. ती रडत होती. दादा दाराशी उभा. पप्पा माझ्या शेजारी बसून संत्रं सोलत होते, खात कुणीच नव्हतं. ते म्हणाले, "तुझ्या आईनं लावलं व्हतं मलम. एकदा."

"कुणाला?"

"तुझ्या दादाला. दीड वर्षाचा व्हता. त्याचेबी गाल असेच. कन्नडच्या डॉक्टरांनी दिलं, हिनं लावलं, आठ दिवसांत पोरगं साफ. लई खूश झाली व्हती. शेजारीपाजारी गाल दाखवत फिरली. मग सहा वर्षांचा व्हता व्हता त्याला दम लागाया लागला. आन तुझ्या बारशाला..."

"माझ्या बारशाला काय?"

"तुझी आत्या. पाळण्यापाशी, सगळ्या बायांत म्हणली, 'वयनी, पोराच्या गालावरचं तूच दाबलंस. तेच गेलं की छातीत.' तुझी आई काय बोलली नाय. तुला मांडीवर घेऊन बसली व्हती. चार महिन्यांनी तुझे गाल लाल झाले, तवा मला म्हणली, ह्या खेपंला नाय दाबायचं. काय बी होऊ द्या, हिला श्वास राहू द्या."

"मला का नाही सांगितलं कधी?"

"दादाला कळलं असतं ना. आईनंच दमा दिला म्हणून. तिला बोलायचं नाय, म्हणून मी बी बोललो नाय." मग त्यांनी संत्र्याच्या फोडी परत सालीत ठेवल्या आणि साल मिटवली.

तर हे होतं. एकोणतीस वर्षं. बारा दिवसांची मी मांडीवर, आणि आत्याचं एक वाक्य. तू मला एकदा तरी सांगायचं होतंस! मी तुझ्याशी किती भांडले, आणि ते चुकीच्या गोष्टीवरून भांडले.

आता नीट ऐक. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. मन राखणं मला जमत नाही, हे तूच सगळ्यांना सांगायचीस.

दादाचा दमा तू दिला नाहीस.

इसब आत जात नाही. कातडीखालून छातीत जायला त्याला वाट नसते. ज्या मुलांना इसब होतो, त्यांच्यातल्या काहींना पुढं दमा होतो, काहींना शिंका. मूळ प्रवृत्ती एकच, ती आधी कातडीत दिसते आणि मग श्वासात. मलम लावलं तरी, नाही लावलं तरी. गालावरचं गेलं आणि छातीत आलं, असं दिसतं खरं. एकामागून एक आलं म्हणून एकामुळं दुसरं झालं, असं आत्याला वाटलं. तुला वाटलं. तुझ्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं.

पण घरात दुसरा नमुनाही होता, आई. मी. मला तू काहीच लावलं नाहीस, एक थेंब नाही. तरी दर पावसाळा सरताना मला शिंकांचा झटका येतो, आणि दहावीच्या परीक्षेआधी छातीत घरघर सुरू झाली म्हणून तूच मला दादाचा पंप ओढायला लावला होतास. आठवतं? माझं काय दाबलं होतंस तू? दोन नमुन्यांवरून निष्कर्ष काढत नाहीत, ते मला मान्य आहे. पण मग एकावरूनही काढायचा नसतो. मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, हे पुष्कळ मुलांमध्ये बघून झालंय, मलमानं दमा होत नाही.

इथंवर तुझी चूक. आता माझी. ही मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

दवाखान्यातून दादाच्या घरी आल्यावर मी त्याला हे सगळं समजावलं. पप्पांनी सांगितलेलं सोडून, कारण ते सांगायला माझी जीभ उचलली नाही. त्यानं ऐकून घेतलं. मग माझ्या कोपराकडं बोट करून म्हणाला, "आणि हे काय गं? हे मलमानंच झालं ना? डॉक्टरांच्याच मलमानं? आई मरेपर्यंत सांगत होती, 'अशूचे हात बघा, कागद झालेत.' तुला बघूनच शिकलो ना आम्ही."

माझ्याकडं उत्तर होतं. मी दिलं नाही. माझ्या घरी निघून आले.

उत्तर असं. पुण्याला होस्टेलवर गेल्यावर पहिल्याच वर्षी मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानदार म्हणाला, "ही घ्या ताई. खाज, खरूज, नायटा, सगळ्यावर चालते. सगळे हीच नेतात." चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही. दोन दिवसांत खाज थांबली. आयुष्यात पहिल्यांदा मी अर्ध्या बाह्यांचा ड्रेस घातला. मग चट्टा आला की ट्यूब, चट्टा नसला तरी ट्यूब. दोन वर्षं. त्यात तीन-चार औषधं एकत्र होती आणि त्यातलं एक फारच तीव्र होतं, हे मला नंतर कळलं. ट्यूबवर बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं. मापं वाचणं हे जिचं शिक्षण, तिनं ते वाचलं नाही.

कोपराच्या आतली कातडी पातळ झाली, पांढऱ्या रेघा उठल्या. दिवाळीला घरी आले तेव्हा तू माझा हात उजेडात धरलास. "हे कुणी दिलं?"

"डॉक्टरांनी," मी म्हणाले.

एवढंच. चोरून आणलं असं सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, सांगत होते ना. ते मला ऐकायचं नव्हतं. म्हणून डॉक्टरांचं नाव घेतलं. तू हात खाली ठेवलास आणि म्हणालीस, "डॉक्टर झाला म्हणून काय झालं." त्या दिवसापासून तुझ्याकडं दोन पुरावे झाले: दादाची छाती आणि माझे हात. आज जुईचं मलम ह्या दोन पुराव्यांवर अडलंय. पहिला तू न समजून धरलास. दुसरा मी तुला खोटा दिला.

माफी मागण्याची आपल्या घरात पद्धत नाही. दुरुस्ती करते.

डॉक्टरांनी जुईला दिलेलं मलम माझ्या ट्यूबसारखं नाही. सौम्य आहे, एकाच औषधाचं. किती लावायचं तेही त्यांनी मापून दिलंय, आणि ते माप तुला आवडेल. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढायची. तेवढं मलम आपल्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरतं. जुईच्या दोन्ही गालांना तेवढंही लागणार नाही. चट्टा सपाट आणि मऊ होईपर्यंत, त्या सांगतील तितके दिवस, मग दिवसाआड, मग बंद. पुन्हा उठला तर पुन्हा लगेच, चिघळायची वाट बघायची नाही. कातडी कागद होते ती जे हाताला लागेल ते, जिथं वाटेल तिथं, महिनोन् महिने चोपडल्यानं. माझ्यासारखं.

वीतभर, चिमूटभर, पसाभर, ओंजळभर, तुझी सगळी मापं हाताचीच होती. मी लोखंडाची मापं घेते, पण हे माप तुझंच आहे. पेरभर.

आता परवानगीचं.

तू 'हो' असं कधीच म्हणायची नाहीस. नाही म्हणायचं असलं की पुरतं ऐकून घेण्याआधीच म्हणायचीस. मी पुण्याला शिकायला जाऊ का विचारलं, तेव्हा तू काहीच बोलली नाहीस. मी दोन दिवस धास्तावलेली. तिसऱ्या दिवशी तू गुलमंडीतून झाकणाची एक निळी बादली घेऊन आलीस आणि माझ्या बॅगेशेजारी ठेवलीस. "तिथलं पाणी जड असलं तर?" ती तुझी परवानगी. दादाच्या लग्नालाही तू अशीच गप्प बसली होतीस, आणि एक दिवस वहिनींच्या मापाच्या बांगड्या आणल्यास. तू गप्प म्हणजे हो. हा नियम मला माहीत आहे, पप्पांना माहीत आहे, दादाला सगळ्यांत जास्त माहीत आहे.

जुईबद्दल माझा शब्द असा. मलम मी स्वतः लावीन. पहिले आठ दिवस कामावरून थेट तिच्याकडं. रोज मोजून, रोज लिहून. कागद फ्रीजवर राहील, कुणीही बघावा. मेडिकलमधली कुठलीही ट्यूब डॉक्टरांना विचारल्याशिवाय ह्या घरात येणार नाही. वहिनी उद्यापासून शेंगदाण्याची चटणी खातील. मॅडमनी हो म्हटलंय, आणि पहिली वाटी मीच कुटून नेणार आहे. तुझा ड्रम मी दादाकडं हलवलाय. चिंधी फाटली होती, नवी बांधली. जुई मोठी झाली की तिला मी सांगेन, हा हौद कुणाचा, आणि तिच्या आजीनं एकदा भर वर्गात काय केलं होतं. आणि तिला पुढं कधी दम लागला, शिंका आल्या, तर त्याचा दोष ह्या घरातल्या कुणीही, कुठल्याही बारशाला, कुणालाही देणार नाही. ते मी बघते.

हे पत्र मी दादाच्या फ्रीजवर, त्या न उघडलेल्या ट्यूबखाली ठेवतेय. तो वाचेल. त्याला पप्पांचं कळेल, माझंही कळेल. दादा, आई तुला हे सांगायला घाबरत होती. तिच्यावर रागावू नकोस. माझ्यावर रागावलास तर चालेल.

आई, शुक्रवारी संध्याकाळी सहाला जुईची अंघोळ असते. तुझी हरकत असेल तर त्याआधी कळव. कसंही कळव, मला समजेल. दादालाही तीच मुदत.

सहानंतर मी ट्यूब उघडेन.

तुझी,
अश्विनी